शेंदराखालचा माणूस

शेंदराचं पहिलं खापर सुटलं आणि इतका वेळ चाललेली आमची बडबड थांबली. खापरच म्हणते, कारण पापुद्रा म्हणण्याइतकं ते पातळ नव्हतं; चांगलं दोन बोटं जाड होतं. कडेनं पाहिलं तर तोडलेल्या खोडात असतात तशी वळी दिसत होती. सगळ्यात वर गेल्या दसऱ्याचा भडक केशरी, त्याखाली विटकरी, त्याखाली काळपट तांबडा, आणि मध्येच कुठल्याशा वर्षी कुणीतरी हौसेनं चिकटवलेल्या बेगडीची चमकती रेघ. खवट तेलाचा वास भपकन नाकात गेला. आणि ते खापर जिथून निघालं तिथे दगडात एक पाऊल होतं. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. घोट्याशी तोडासुद्धा कोरलेला.

गावाचं नाव सांगत नाही. अशी गावं देशावर पन्नास सापडतील. वेशीजवळ पिंपळ, पिंपळाला पार, आणि पारापासून चार पावलांवर जमिनीत गुडघाभर रुतलेला एक उभा दगड. गावाचा तो म्हसोबा. आमच्या लेखी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड. ‘आम्ही’ म्हणजे रविवारी सकाळी डबे बांधून निघणारी हौशी मंडळी. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी कॉलेजात शिकणारं, आणि एक सुतारकाम येणारे काका, ज्यांनी लोखंड दगडाला लागू नये म्हणून बांबूच्या पट्ट्या तासून आणल्या होत्या. ग्रामपंचायतीचा ठराव झालेला होता, सरपंचांनी स्वतः नारळ फोडला होता, गुरवानं दगडापुढे दहीभात ठेवून माफी मागितली होती. सगळं रीतसर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला जे टोचत राहिलं त्यात कुणी नियम मोडल्याचा काही संबंध नाही.

दुपार कलेपर्यंत चारही चौकटी मोकळ्या झाल्या. सगळ्यात खाली तो आडवा पडलेला, हात अंगाशी, आणि त्याच्यामागे तीन गाई एकीमागे एक ओळीनं उभ्या. म्हणजे गावचं गोधन वळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेला. त्याच्यावरच्या चौकटीत लढाई: हा ढाल-तलवार घेऊन, समोर दोघं. त्यावर दोन अप्सरा त्याला काखेत हात घालून वर घेऊन चाललेल्या, लहान पोराला विहिरीतून काढावं तसं. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे मांडी घालून बसलेला, शेजारी पुजारी. आणि माथ्यावर चंद्र आणि सूर्य, ते असेतोवर ही आठवण राहो म्हणून. काम इतकं रेखीव टिकलं होतं की आमच्यातल्या एकानं हळूच त्याच्या अंबाड्यावरून बोट फिरवलं. उघड्यावरचे वीरगळ पावसानं झिजून साबणाच्या चिपेसारखे गुळगुळीत झालेले पाहिलेत मी. याला गावाच्या शेंदरानं झाकून जपलं होतं. ‘अज्ञानापोटी लोकांनी दगड विद्रूप केला’ हे वाक्य त्या सकाळी गाडीत मीच म्हटलं होतं.

चारच्या सुमारास एक आजी आल्या. कपाळ मोकळं, हातात तेलाची वाटी, वाटीवर पळसाचं पान झाकलेलं. रोजचा त्यांचा नेम असावा. दगडाजवळ येऊन थबकल्या. आमच्यातला एक उत्साही मुलगा पुढे झाला आणि फार मायेनं, पण शाळेत समजावतात तसं समजावू लागला, “आजी, हा देव नाही बरं का. हा वीर आहे. माणूस. गाई वाचवताना मेलेला. हे बघा, इथे खाली पडलाय.” आजी वाकल्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून कितीतरी वेळ त्या खालच्या चौकटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं,

“कुनाचं प्वार म्हनायचं ह्ये?”

कुणीच बोललं नाही. दगडावर लेख नव्हता. आपल्याकडच्या वीरगळांवर तो क्वचितच असतो. अंबाडा, दागिने, तलवारीची धाटणी यांवरून ‘यादवकाळ असावा’ एवढं मी सांगू शकले असते. पण त्यांनी काळ विचारला नव्हता. थोडा वेळ थांबून त्या आल्या तशा परत गेल्या. तेल घातलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत फोटो फिरत होते. घाटात नेटवर्क गेलं तेव्हा जरा शांतता झाली, आणि मला माहेरच्या देव्हाऱ्यातला एक टाक आठवला. चांदीचा, तळहाताएवढा, घोडेस्वाराचा. खंडोबा, भवानी, भैरोबा हे सगळे ओळखता यायचे. हा एक मात्र आजी नुसता ‘वीर’ म्हणायची. कोण गं हा, विचारलं की म्हणायची, “आपल्यातलाच कुणीतरी.” दर दसऱ्याला टाक चिंचेनं, मग रांगोळीच्या पुडीनं घासायचे. हे काम मुलींचं. मी जोर लावून घासायची, आणि आजी ओरडायची, अगं हळू, चेहरा जाईल त्याचा. तोपर्यंत तो गेलेलाच होता. नाक-डोळे सपाट, घोड्याची फक्त मान तेवढी उठून दिसणारी. पिढ्यान् पिढ्या लेकीसुनांनी त्याला इतक्या निष्ठेनं लक्षात ठेवलं की त्याचा चेहराच पुसून गेला. इथे गावानं शेंदूर थापून चेहरा झाकला, आणि तो राहिला. या दोन गोष्टी मी तेव्हापासून एकीशेजारी एक ठेवून बघते आहे. नाशकात धुळवडीला घराघरांतले असे वीर मिरवायला निघतात, दाजीबा वीराच्या मिरवणुकीपुढे लोक नवस फेडतात. तिथे घोट्याएवढ्या पोरांनाही देवाचे टाक हातात देऊन नाचवतात. त्या पोरांना इतिहास विचारला तर काय सांगतील? पण तो वीर दर वर्षी न चुकता रस्त्यावर येतो, ऊन खातो, गर्दी बघतो आणि घरी जातो.

पुतळा या गोष्टीशी माझी पहिली ओळख मात्र मुंबईत झाली, राणीच्या बागेत. लहानपणी वडील हत्ती दाखवायला घेऊन गेले होते, आणि जिवंत हत्तीच्या आधी दाखवला दगडी. घारापुरीचा. तो विलायतेला न्यायची खटपट चालली असताना फुटला, मग तुकडे जुळवून इथेच उभा केला. त्याच आवारात, संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, गवतात गोरे पुतळे उभे होते. कुणाला हात नाही, कुणाला डोकं नाही. एक जाडजूड बाई सिंहासनावर बसलेली आणि तिचं नाक फुटलेलं. मला फार हसू आलं होतं. वडील म्हणाले, ही राणी. कुठली राणी म्हटलं तर म्हणाले, बागेचं नाव जिच्यावरून पडलं ती. बरीच वर्षं मला वाटत होतं की या बागेची एक राणी होती आणि माकडांनी तिचं नाक तोडलं.

पुढे कळलं ते असं. व्हिक्टोरियाचा तो संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशानं घडला, 1872 मध्ये फोर्टात बसला. 1896 मध्ये दामोदर चाफेकरांनी रात्री जाऊन त्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. 1965 मध्ये गोऱ्या पुतळ्यांवर लोकांचा राग निघाला, नाकं-हात फुटले, आणि ही सगळी मंडळी उचलून भायखळ्याला आणली गेली. वेलस्ली, कॉर्नवॉलिस, सगळे. त्यातल्या कॉर्नवॉलिसची गोष्ट मला भारी आवडते. तो आधी आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी घुमटीखाली उभा होता, आणि मुंबईच्या लोकांनी काय करावं, त्याला फुलं वाहायला सुरुवात केली. त्या जागेला ‘छोटा देवळ’ म्हणू लागले. टिपूला हरवणारा गव्हर्नर जनरल, आणि त्याच्या बुटांपाशी झेंडू! साहेबाला ते आवडलं नसणार. आपला पराक्रम लोकांनी लक्षात ठेवावा म्हणून त्यांनी पुतळा उभारला, आणि लोकांनी पराक्रम बाजूला ठेवून सरळ नमस्कारच घातला. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले होते. त्या रविवारी घाटात मात्र हसू आलं नाही. कारण पिंपळाखालच्या त्या दगडाचंही हेच झालं होतं. गाईंसाठी मेलेला कुणी एक जण विसरला गेला आणि उरला नमस्कार. फरक एवढाच की कॉर्नवॉलिसच्या वेळी मी मनातून लोकांच्या बाजूची होते.

आणि काळा घोडा? प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननं दिलेला घोड्यावरचा राजपुत्र 1879 मध्ये चौकात आला. मुंबईकरानं वर बसलेल्या माणसाकडे बघितलं असेल-नसेल, नाव घोड्याचं पडलं. 1965 मध्ये घोडा आणि स्वार दोघं भायखळ्याला गेले, तरी चौक काळा घोडाच राहिला. कंडक्टर तेच ओरडायचा, पत्त्यात तेच लिहायचे. पन्नासएक वर्षं त्या चौकात नसलेला घोडा उभा होता. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आणून बसवला, आणि त्याच्या पाठीवर कुणीही नाही. मला वाटतं, या शहरानं केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी ती एक आहे. मूळचा स्वार हवा असेल त्यानं तिकीट काढून राणीच्या बागेत जावं.

एवढं सोपं सगळीकडे नसतं.

पुण्याहून नगरकडे जाताना भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ दिसतो. मी त्याच्यावरून कितीतरी वेळा नुसती गेले आहे, न थांबता, हेही कबूल करायला हवं. आमच्या घरात 1818 म्हणजे पेशवाई बुडाली ते साल, आणि ते सांगताना मोठी माणसं उसासा टाकायची. कंपनीनं तो स्तंभ उभारला तो स्वतःच्या फौजेच्या फुशारकीसाठी. लष्करी शिरस्त्याप्रमाणे पडलेल्यांची नावं त्यावर कोरली: 49 नावं, आणि त्यातली 22 ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी, म्हणजे महार शिपायांची. ज्यानं कोरली त्याला त्या दोन अक्षरांचं वजन ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते वजन कळणारी माणसं यायला शंभरावर वर्षं गेली. 1 जानेवारी 1927 ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. मार्चमध्ये चवदार तळं. त्या दिवसापासून तो स्तंभ कंपनीचा उरला नाही. दगड तोच, इंग्रजी तीच, जागासुद्धा तसूभर सरकली नाही. मी पहिल्यांदा तिथे थांबले ते माझ्या एका सहकारी मैत्रिणीबरोबर. ती त्या नावांवरून बोट फिरवत होती, आमच्यातला तो मुलगा वीराच्या अंबाड्यावरून फिरवत होता तसंच. पण त्याचं ते कौतुक होतं. हिचं बोट एकेका नावाशी थांबत होतं. मी चार पावलं मागे उभी होते आणि मला आमच्या घरातला तो उसासा आठवून कानकोंडं झालं होतं. एकाच दगडापुढे दोघींना एकच गोष्ट आठवली पाहिजे असा हट्ट का असतो आपला, हे मी स्वतःला विचारलं. मग असंही वाटलं की हा प्रश्न विचारणं मला परवडतं, कारण ज्यांचं नाव कुठेच कोरलं गेलं नाही अशांतली मी नाही.

तेव्हा ‘कुणाचं पोर’ या प्रश्नाचं उत्तर त्या परक्या स्तंभावर आहे आणि आमच्या आपल्या वीरगळावर नाही. वीरगळ घडवणाऱ्याला माणूस कळावा असं वाटत नव्हतं बहुधा. वीर कळला की पुरे होतं. हजारभर वीरगळ बघा, अप्सरा त्याच, तो मांडी घालून बसलेला तसाच. बोरिवलीच्या एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर चक्क गलबतांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगाच्या रांगा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा अंगावर काटा आला होता. पण त्या वल्हेकऱ्यांची नावं? तिथेही वर चंद्रसूर्य आहेतच. यावच्चंद्रदिवाकरौ काय राहणार, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

नाव राहिलेला एक माणूस मला माहीत आहे, आणि तो लढाईत मेला नव्हता. मंगळवेढ्याला गावकूस बांधण्याचं काम चाललं होतं, ते कोसळलं आणि त्याखाली मजूर गाडले गेले. त्यात चोखामेळा होते. परंपरा सांगते की नामदेव पंढरपूरहून गेले आणि ढिगाऱ्यातली हाडं एकेक करून कानाला लावली. ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. ती आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. बांधकामावर मेलेल्या मजुराची एवढी जुनी समाधी, जिच्यापुढे आजही लाखो माणसं वाकतात, दुसरी कुठे असेल तर मला बघायची आहे. पण मी जेव्हा जेव्हा तिथे उभी राहते तेव्हा माझी नजर जाते ती समाधी कुठे आहे याकडे. बाहेर. पायरीच्या अलीकडे. जिवंतपणी जिथवर येऊ दिलं, तिथेच. देऊळ सगळ्यांना उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. उद्या कुणा भाविकानं प्रेमापोटी म्हटलं की आता चोखोबांना सन्मानानं आत नेऊ या, सोन्याच्या मखरात बसवू या, तर? मला वाटतं त्या दिवशी आपण त्यांना दुसऱ्यांदा गाडू. ती समाधी बाहेर आहे, हेच तर तिच्यावर लिहिलेलं आहे.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात आमच्या रविवारच्या मंडळीत एकदा बोललेही होते. आणि तरी, दगड हलवायचा ठरला तेव्हा गप्प बसले. झालं असं की वेशीजवळचा रस्ता रुंद होणार होता. दगड जिथे होता तिथे साइडपट्टी येणार. मग पंधरा-वीस पावलं मागे, पंचायतीच्या भिंतीलगत चौथरा बांधायचा ठरला, वर पत्रा, पुढे जाळी. काळ्या ग्रॅनाइटची पाटी आली. तिच्यावर ‘वीरगळ म्हणजे काय’ हे तीन ओळींत, आणि खाली देणगीदारांची नावं. मोजली मी, चौदा आहेत. माझंही आहे. गाईंसाठी मेलेल्या माणसाला नाव नाही आणि त्याच्या पत्र्याला शंभराची नोट देणाऱ्या—बरं, शंभराच्या नव्हत्या, जास्तच दिले होते सगळ्यांनी, पण तेच ते—चौदा जणांना सोनेरी अक्षरं.

उंचीचं वेड तर विचारूच नका. स्मारक म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न, किती फूट? मालवणला राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 ला महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. बातमी बघताना पोटात कालवलं ते राजकारणामुळे नाही. त्या किनाऱ्यावरून समोर सिंधुदुर्ग दिसतो, आणि तिथे चुन्यात उमटलेला एक हाताचा आणि एक पायाचा ठसा आहे, महाराजांचा म्हणून पिढ्यान् पिढ्या जपलेला. त्यांवर छोट्याशा घुमट्या. वाकल्याशिवाय नीट दिसत नाही. मी गेले होते तेव्हा माझ्या पुढचे गृहस्थ, चांगले सहा फुटी, टोपी काढून गुडघ्यांवर बसले, आत बघितलं, आणि काही न बोलता कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मागे रांग थांबली होती, कुणी कुरकुरलं नाही. फुटांत मोजायचं तर किती भरेल ते? वीतभर.

आता त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची टाळत आले आहे, ती सांगते. वीरगळाच्या मागे, गवतात, आणखी एक दगड आडवा पडला होता. लहान. उलटा केला तर त्यावर कोपरात वाकवून उभारलेला बाईचा हात, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. वर चंद्रसूर्य. सतीशिळा. सगळे एकदम आनंदले, जोडी मिळाली म्हणून. मी त्या हाताकडे बघत होते. बांगड्या अगदी घट्ट, एकेक मोजता येईल अशा. न फुटलेल्या, तोच तर निरोप आहे त्या हाताचा, ही कायमची सवाष्ण. चौथऱ्यावर हिलाही उभी करायची का यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं इतिहास आहे, जसा आहे तसा दाखवावा. कुणी 1987 चा कायदा काढला, सतीचा गौरव करता येत नाही. कुणी म्हणालं पाटीवर काय लिहायचं, ‘थोर’ की ‘बिचारी’? मी म्हणाले, आधी तिला सरळ तरी ठेवा. पण पुढे मलाही सांगता येईना. तिला हार घातला तर जाळणाऱ्यांचा होतो, आणि गवतात पालथी ठेवली तर ती जळाली हेही कुणाला कळत नाही. शेवटी आपल्याकडे होतं तेच झालं. नंतर बघू म्हणून तिला चौथऱ्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलं. चर्चेत आम्ही दोघीच बायका होतो, एवढं नोंदवून ठेवते.

हे चैत्रातलं. मग पावसाळा आला, रविवार बुडाले. आम्ही पुन्हा गेलो ते भाद्रपदाच्या शेवटी, चौथऱ्याला ओल आलीय असा निरोप होता म्हणून. ती सर्वपित्री अमावास्या होती हे मला गावात शिरताना कळलं. घराघरांतून वडे तळल्याचा वास येत होता आणि पत्र्यांवर कावळे जमले होते. चौथऱ्याजवळ कुणी नव्हतं. शेंदूर नाही, तेल नाही, नारळाची करवंटी नाही. जाळीला मंडळाच्या फ्लेक्सची सुतळी बांधलेली. वीर मात्र स्वच्छ, धुतल्यासारखा, पत्र्याखाली थोडा पोरका. मला वाटलं, झालं. देव होता तेव्हा रोज कुणीतरी यायचं. आता तो वारसा झालाय, आता कोण येतंय.

जाळीच्या खालच्या फटीतून आत सरकवलेली पत्रावळ मला नंतर दिसली. भात, वरण, दोन वडे, भोपळ्याची भाजी, खीर वाटीत न ठेवता पानावरच ओतलेली. मी वळले तर आजी पारावर बसलेल्या, कावळ्याची वाट बघत. ओळखलं त्यांनी.

“तुमीच न्हवं का, द्येव उघडा केला त्यो?”

मी हो म्हटलं. माफी मागावी असं तोंडावर आलं होतं, पण कशाची ते नीट मांडता येईना. त्यांच्या आवाजात राग नव्हताच. म्हटलं, आजी, आता शेंदूर नाही लावत? तर म्हणाल्या, “मान्साला कुटं लावत्यात व्हय शेंदूर.” मग पत्रावळीकडे हनुवटी करून, “तिथी ठावं न्हाई न्हवं त्येची. म्हून आज.”

मी पारावर त्यांच्याशेजारी बसले. आणि तेव्हा चौथऱ्याच्या मागे, भिंतीशी, दुसरी पत्रावळ दिसली. बांगड्यांच्या हातापुढे. तेवढंच वाढलेलं, दोन वडे, खीर. मला त्या हाताचा अर्थ ठाऊक होता ना, पुस्तकात वाचलेला, त्यामुळे न राहवून विचारलं. “आजी, पण ती तर सवाष्ण गेली म्हणतात. तिला अविधवा नवमीला नाही ठेवलं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चारचौघींत वेड्यासारखं बोलणाऱ्या सुनेकडे बघावं तसं.

“नवमीला कशापायी?” त्या म्हणाल्या. “न्हवरा आदी म्येला की तिचा.”

पत्र्यावर कावळा उतरला. खाली यावं की नाही ते ठरवत थोडा वेळ मान वाकडी करून बघत राहिला. आजींनी मला गप्प राहायची खूण केली.